सगुणा कूलरचं ताटीघर

सगुणा कूलरचा पत्रा आमच्या गावात अजून सापडतो. कोणाच्या खुराड्याचं दार त्याचं आहे, कोणी न्हाणीला आडोसा केला आहे, एकानं तर विहिरीवर झाकण म्हणून टाकला आहे. त्यावर मी साच्यातून निळ्या रंगानं मारलेलं नाव ऊन-पावसानं फिकं पडलं, तरी दिसतं. पत्र्याचं आणि रंगाचं काम माझं होतं. ते नाव मारायला लागलो तेव्हा मला अक्षर ओळखता येत नव्हतं, पुढे शिकलो. पण आज लिहायला बसलो तो पत्र्यासाठी नाही. मला लिहायचं आहे ते ताटीघराबद्दल, आणि ते वाचवायला माझ्या बायकोनं, पार्वताबाईनं, जे केलं त्याबद्दल.

कारखाना केवळराम भाऊंचा. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी ज्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, मिळतं, तिथं त्यांची धानाची शेती. तरुणपणी ते गोंदियाला विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होते. उन्हाळ्यात बाहेरगावचे कूलर ट्रकांनी येतात आणि उतरायच्या आत खपतात, हे त्यांनी तिथं पाहिलं. आपल्या उन्हाचा पैसा दुसऱ्यानं का न्यावा, असं त्यांच्या मनानं घेतलं. १९९९ साली त्यांनी सडकेच्या कडेला टिनाची शेड टाकली. कूलरला नाव काय द्यायचं यावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं, तलावाचं द्या.

"चोरखमारा कूलर?" भाऊ म्हणाले. "घेणारा पहिले त्याले साखळी बांधीन, मंग बटन दाबीन."

शेवटी त्यांनी आपल्या वारलेल्या आईचं नाव दिलं. सगुणा.

कारखान्याचं वर्ष धानाच्या वर्षाला जोडलेलं होतं. धान चुरून कोठीत गेलं की शेड उघडायची, आणि पाऊस पडायच्या आत बंद व्हायची. पाऊस आला की कूलर कोणाला नको, आणि मजूरही सापडायचा नाही, सगळे रोवण्याला, धानाच्या लावणीला. हे कोणी बसून ठरवलं नव्हतं, आपोआप जमलं होतं. त्याआधी धानाचं काम संपलं की आमच्याकडच्या बाया ठेकेदाराच्या ट्रकात बसून वीटभट्टीवर जायच्या, नाही तर हैदराबादकडे इमारतींच्या कामाला. आमचा लोकेश वीटभट्टीवरच जन्मला. कारखाना निघाला आणि आमच्या गावातून ट्रक रिकामे जायला लागले.

कूलरच्या तीन बाजूंना ताट्या असतात. ताटी म्हणजे जाळीच्या दोन चौकटींमध्ये दाबून भरलेला वाळा. वरून पाणी उतरतं आणि पंखा त्यातून हवा ओढतो. विरळ भरली की गरम झोत येतो, गच्च भरली की हवाच येत नाही. वाळा तलाव-बोड्यांच्या काठी मिळायचा. तो उपटणं, धुणं, वाळवणं आणि भरणं हे सगळं बायांचं काम, आणि त्या बायांची मुख्य पार्वता. शेडच्या मागं कुडाच्या भिंतींची एक लांब खोली होती, तिला सगळे ताटीघर म्हणायचे. तिथं पुरुष मुकादम नव्हता. एखादी बाई पोर पाजत असायची, एखादी सासूच्या नावानं खडे फोडत असायची, आणि सगळ्यांचे हात चालू असायचे. वाळ्याचा वास त्यांच्या लुगड्यांना घरापर्यंत यायचा.

"ट्रकात बसून जे बाई गेली, तिले इचारा ताटीघर काय आहे ते," असं पार्वता म्हणायची.

पहिला कूलर तिरोड्याच्या एका मास्तरांनी घेतला. बैलगाडीवर चढवला, दोरी बांधली, गाडी हलणार तेवढ्यात पार्वता ताटीघरातून धावत आली आणि तिनं कूलरच्या कोरड्या टाकीत मूठभर धान टाकलं. आमच्यात पोरगी सासरी निघाली की तिच्या पदरात एक मूठ धान देतात. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हापासून देव, उपास, ओटी सगळं सुटलं, ही एक मूठ मात्र राहून गेली. तिच्यात देव नाही. रिकाम्या हातानं जाऊ नको, एवढंच आहे.

"काय वो पार्वताबाई," भाऊ हसून म्हणाले, "पोरगी देऊन राहिल्या का?"

"मंग? तुमच्या मायच्या नावाची पोरगी आहे. उपाशी धाडता का तिले?"

भाऊ गाडीकडे वळले. त्यांनी मास्तरांना एवढंच सांगितलं, "मास्तर, पहिले धान काढजा, मंग पाणी भरजा. धान आपल्या कोठीत टाकजा."

तेव्हापासून तो नियमच पडला. भाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगायचे. पुढं पुढं सांगायचीही गरज राहिली नाही. शेजारच्या गावचा भैय्यालाल म्हणून एक जण कूलर न्यायला आला, तर टाकीत हात घालून तो गाडीपाशी अडून बसला. "हिच्यात धान नाही. बिनाधानाची मी नाही नेत, काही खोट असंल तिच्यात." पार्वतेनं धान आणून टाकलं तेव्हाच त्यानं गाडी हाकली.

ताटीघरात आमची अल्का होती. पार्वतेच्या धाकट्या बहिणीची पोरगी, माहेर केशोरीचं. आम्हाला पोरगी नाही, म्हणून पार्वतेनं तिचं लग्न मुद्दाम आमच्याच गावात जमवलं, रत्नपालशी. रत्नपाल दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा, काम असलं तर असलं. म्हणजे घर अल्काच्या हातावर. तिचा हात चपळ, आणि तोंड हाताहून चपळ.

"मावशी," ती ताटी भरता भरता म्हणायची, "तू ताटी भरून राहिली का ताटीले भरवून राहिली? एवढ्या मायेनं त लोकेशलेही घास नसंल देल्ला."

"तुले देल्ला ना? म्हणून एवढी फुगली." पार्वता तिच्याकडे न बघता म्हणायची.

पार्वता कोणावर खूश असली की तिच्याकडे बघायची नाही. अल्काकडे ती फार कमी बघायची.

चार-पाच हंगाम चांगले गेले. मग विक्री थबकली. आसपासच्या ज्या घरांना कूलर परवडत होता त्यांनी घेऊन झाला होता, आणि आमचा कूलर लवकर बिघडत नव्हता. त्याच सुमाराला नागपूरच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. कूलर तुम्ही बनवा, नाव आमचं लावा, सगळा माल आम्ही उचलू, असं त्याचं म्हणणं. भाऊंनी पुष्कळ दिवस उत्तर दिलं नाही. एका दुपारी ते ताटीघरात येऊन वाळ्याच्या ढिगावर बसले.

"नाव जाईन बाई," ते म्हणाले. "नाही देल्लं त कारखाना जाईन. तुमी काय म्हणता?"

"नाव तुमच्या मायचं. आमी काय सांगाव?" पार्वता म्हणाली. "ताटीघर राहीन का?"

"राहीन. बाया जास्तच लागतीन."

"मंग द्या."

मी साचा धुऊन खुंटीला टांगला. आता पत्र्यावर कंपनीची चकचकीत पट्टी बसायची, आणि कूलर बैलगाडीतून नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद होऊन ट्रकातून जायचा. रायपूर, दुर्ग, बिलासपूर अशी गावं बाया एकमेकींना सांगायच्या. पार्वता म्हणाली, "नाव नाही राहिलं सोबतीले, धान तरी जाऊ द्या." खोकं बंद होण्याआधी एकूण एक टाकीत मूठ पडू लागली.

कोणाच्या, अगदी भाऊंच्याही, ध्यानात आलं नाही की आता 'पहिले धान काढजा' म्हणून सांगायला पलीकडे कोणी नाही. आम्ही धरून चाललो होतो की टाकीत धान दिसलं की माणूस ते काढेलच. कोणत्या घरात धानावर पाणी ओततात?

मे महिन्यात कंपनीचा ट्रक परत आला, भरलेला. पुढं जीप, आणि जीपमध्ये माल तपासणारे सक्सेना साहेब. त्यांनी भाऊंच्या टेबलावर एक प्लास्टिकची थैली ठेवली. आत काळे पडलेले, फुगलेले दाणे.

"ये क्या है?"

"धान," भाऊ म्हणाले.

"वो तो मैं भी देख रहा हूँ. पंप में से निकला है. पचासों पंप जल गए. कूलर से बदबू आ रही है. कस्टमर पूछता है, ये कूलर है कि अनाज का गोदाम?"

गाडीचा आवाज ऐकून बाया बाहेर आल्या होत्या. पार्वतेनं थैली ओळखली नाही, पण आतलं ओळखलं. तिचा चेहरा उजळला.

"रायपूरले पोहोचलं का मंग?"

"किसने डाला ये चावल?"

"चावल नोहे साहेब," अल्का म्हणाली. "चावल असता त आतापर्यंत भात झाला असता. धान आहे ते."

बाया हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी ट्रकातून एक कूलर उतरवायला लावला आणि मला म्हणाले, "खोलो." मी मागची ताटी काढली. टाकीच्या तळाशी काळं पाणी होतं, त्यात कोंब फुटून सडलेले दाणे. पाण्याच्या नळीच्या बारीक भोकांत कोंडा बसला होता. पंपाची जाळी गच्च. वास असा, की पुढं उभ्या बाईनं पदर नाकाला लावला. हसणं थांबलं.

पार्वता वाकून टाकीत बघत राहिली. "काढलं नाही कोणी," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळून, जणू आम्हाला माहीत असावं तसं, "काऊन काढलं नाही?"

साहेब माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी भाऊंना सांगितलं, एक हंगाम आणखी देतो. पण पुढच्या मालात एक दाणा जरी सापडला, तर मागची ती खोली बंद. ताट्या आम्ही नागपूरहून पाठवू, तुम्ही नुसता पत्रा करा.

भाऊ ताटीघरात गेले. त्या दिवशी ते बसले नाहीत. "मी कोणाले बोलून नाही राहिलो. मी स्वतः हासत होतो धान पाहून. पण आता साहेबाले काय सांगू, ते तुमीच सांगा."

पार्वता उठली. "माझी जबान सांगा. ज्या बाईच्या हातून दाणा पडंल, ते बाई ताटीघरात राहणार नाही. माझ्या हातून पडला त मी राहणार नाही."

बायांनी माना डोलावल्या. कोणाला जड गेलं नाही. कारण पर्याय काय आहे ते प्रत्येकीनं बघितलेलं होतं.

पुढच्या हंगामात पार्वता वेगळीच बाई झाली. शेडच्या दारात ती प्रत्येकीला पदर झटकायला लावायची. खोकं बंद व्हायच्या आधी प्रत्येक टाकीत स्वतः हात फिरवायची, मग ओल्या फडक्यानं पुसायची. ताटीघरातली बडबड कमी झाली. कोणी डब्यात मुरमुरे आणले तरी ती उठून झाकण लावायची.

"मावशी पोलिसात भरती झाली," अल्का म्हणाली. "टोपी तेवढी आली नाही अजून."

पार्वता हसली नाही. तिनं अल्काकडे बघितलं.

पहिला ट्रक भरायचा दिवस आला. दुपारी साहेब येणार होते. सकाळपासून पार्वता टाक्यांत हात घालत होती. एका कूलरमध्ये पंपाच्या मागं तिचा हात थांबला. बाहेर आला तेव्हा त्यात एक लहान पोटली होती, बोराएवढी, पक्की गाठ मारलेली. फडकं पिवळ्या काठाच्या लुगड्याचं होतं. ते लुगडं पार्वतेनं स्वतः अल्काला बाळंतपणात दिलं होतं, हे तिथल्या निम्म्या बायांना माहीत होतं.

"कोणाचं आहे?" तरीही तिनं विचारलं.

अल्का पुढं आली. "माझं. मावशी, गाठ पाय ना. एक दाणा बाहेर येत नाही. पाण्यात राहिली तरी येत नाही, म्या घरी बादलीत टाकून पायली. पहिली गाडी आहे म्हणून एकीलेच ठेवली."

"कायले ठेवली?"

"तूच त शिकवलं."

भाऊ टेबल सोडून आले. त्यांनी हात पुढं केला. "द्या इकडं. माह्या खिशात राहू द्या. साहेब अजून आले नाही, बाई. कोणी पायलं नाही."

"म्या पायलं."

"पोरगी आहे तुमची."

"म्हणूनच. दुसरी असती त तिले काढली असती, का नसती काढली? सांगा मले."

पार्वता अल्काकडे वळली. "घरी जाय."

"बरं," अल्का म्हणाली. तिला वाटलं, आजच्यापुरतं. "उद्या लवकर येतो मंग."

"नोको येऊ."

अल्का हसली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू बराच वेळ तसंच राहिलं, काढून ठेवायला जागा नसल्यासारखं. "मावशी, गंमत करून राहिली ना?"

पार्वतेनं पोटली भाऊंच्या हातावर ठेवली आणि पुढच्या कूलरच्या टाकीत हात घातला. अल्कानं हाताला चिकटलेला वाळा झटकला, भिंतीजवळचा डबा उचलला आणि ती गेली. बाया तिला वाट द्यायला सरकल्या. एकीनंही पार्वतेला 'बाई, जाऊ द्या' असं म्हटलं नाही. प्रत्येकीला आपली जागा हवी होती, आणि ते चूक आहे असं मला आजही म्हणवत नाही.

संध्याकाळी मी पार्वतेला म्हणालो, "आठ दिवसांनी बोलावून घे तिले."

"आता नाही. हंगाम संपू द्या, साहेब पास करून जाऊ द्या. मंग मीच जाऊन आणीन हाताले धरून. पाया पडाव लागलं त पाया पडीन. पण आता जबान मोडली त सारं ताटीघर जाईन."

तिनं तसं मनाशी पक्कं केलं होतं. ती रोज अल्काच्या दारावरून जायची आणि आत बघायची नाही. पण रत्नपालच्या ट्रॅक्टरला तेव्हा काम नव्हतं, आणि अल्काची मोनाली लहान. ठेकेदाराचा ट्रक त्या वर्षीही गावात आला. ताटीघरात ते एका बाईनं काम करता करता सांगितलं, "अल्का गेली म्हणे. हैदराबादकडे."

पार्वतेचे हात थांबले. "मोनालीले नेलं का?"

"नेलं. कोणाजवळ ठेवंल?"

थोड्या वेळानं हात पुन्हा चालू झाले.

त्या हंगामात एक दाणा सापडला नाही. शेवटच्या गाडीला साहेब पेढे घेऊन आले. "इतना साफ माल मैंने कहीं नहीं देखा, बाई. कमाल है." पार्वतेनं पेढा हातात धरला आणि विचारलं, "मंग ताटीघर पक्कं?" साहेब म्हणाले, "एकदम पक्का." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनाही तेवढंच माहीत होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी साहेब बदलले. नव्यांनी पुठ्ठ्यासारख्या कागदाच्या, मधाच्या पोळ्यासारखी भोकं असलेल्या ताट्या आणल्या. त्या यंत्रावर होतात, भराव्या लागत नाहीत, दर वर्षी बदलाव्या लागत नाहीत. भाऊंनी नागपूरला तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेहून आले आणि थेट ताटीघराच्या दारात उभे राहिले.

"आमच्या कामात काय खोट निघाली?" पार्वतेनं विचारलं.

"खोट नाही निघाली बाई. कंपनीले गवतच नोको. कोणाच्याच हातचं नोको."

"दाणा सापडला का कुठं?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही म्हणलं ना."

"मंग अल्काले कायले काढलं म्या?"

भाऊ तिथून निघून गेले. बाया आपापले डबे उचलून गेल्या. त्यातल्या बऱ्याच पुढच्या ट्रकात बसल्या. ताटीघरात कागदाच्या ताट्यांच्या थप्प्या लागल्या. त्यांना कसलाच वास नव्हता.

कारखाना त्यानंतर चार वर्षं चालला. मग कंपनीनं पत्र्याचे कूलर सोडून प्लास्टिकचे काढले. त्यांचे साचे मोठ्या शहरात, आमची गरज संपली. २०११ साली भाऊंच्या मुलानं, हिमांशूनं, यंत्रं विकली आणि तो नागपूरला नोकरीला गेला. उरलेला पत्रा भाऊंनी गावाला असाच वाटला. त्यांना कधी वाटायचं, कंपनीला हो म्हणालो ते चुकलं. कधी वाटायचं, नाही म्हणालो असतो तर आणखी लवकर संपलं असतं. माझ्याजवळ बसून ते दोन्ही बाजूंनी बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, "त्या दिवशी पोटली मी हिसकून घ्याले पायजे होती, शालिकराम. मालक कोण होता? मी का बाई?"

पार्वता त्या दिवसाबद्दल बोलायची नाही. तिला अल्काचा निरोप यावा असं वाटत होतं, आणि अल्का तो पाठवणार नाही हेही तिला ठाऊक होतं. बहिणीकडून तुकड्या-तुकड्यानं कळायचं. हैदराबादकडून आली. केशोरीला माहेरीच राहते. रोवण्याची टोळी बांधली आहे, स्वतः ठेका घेते. २०१३ च्या पावसात पार्वता एका सकाळी म्हणाली, "चला, केशोरीले जाऊ."

"काही नेतेस का तिच्यासाठी?"

"नाही. लाच दिल्यासारखं वाटंल."

केशोरीला पोहोचायला जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावं लागतं. गोंदियाला बस बदलली, अर्जुनीला बदलली. घरी रत्नपाल होता. त्यानं पाणी दिलं, कशाला आलात ते विचारलं नाही, आणि बांधी कुठं आहे ते हातानं दाखवलं.

गुडघाभर चिखलात बायांची ओळ वाकलेली होती. अल्का मधोमध, अंगानं भरलेली, केस पांढरे व्हायला लागलेले. तिच्या शेजारी एक उंच पोरगी, ती मोनाली. आम्हाला बघून अल्कानं मनगटानं कपाळावरचा चिखल पुसला.

"मावसा, तुमी सावलीत बसा." मग पार्वतेकडे बघून, "बोला. मी आयकून राहिली." आणि ती पुन्हा वाकली.

पार्वता धुऱ्यावर, बांधीच्या काठावर, उभी. "बरी आहेस?"

"दिसून त राहिली." ओळीतल्या दोघी हसल्या.

"ताटीघर बंद झालं."

"आयकलं."

"कागदाच्या ताट्या आल्या."

"तेही आयकलं."

"अल्का, म्या तुले त्या दिवशी—"

"पऱ्हे सुकतीन वो. इथं उभं राहून बोलाले टाइम नाही कोणाले."

पार्वतेनं लुगडं खोचलं, धुऱ्यावरून पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, एक पेंढी उचलली आणि ती चिखलात उतरली. गुडघे दुखायचे तिचे, घरी ती खाली बसायची नाही. एक वीत बाजूला सरकून अल्कानं जागा करून दिली. दोघी शेजारी शेजारी मागं सरकत रोवत गेल्या. मी झाडाखाली बसून बघत होतो. मला वाटलं, झालं, जुळलं. बायांचं असंच जुळतं, बोलून नाही. दुपारी त्यांनी बांधीतच भाकर खाल्ली, पार्वतेलाही कोणी तरी दिली.

दिवस कलला तसा मालक बिसराम रोजी वाटायला आला. अल्का एकेकीचं नाव सांगत होती. सगळ्यांचं झाल्यावर ती म्हणाली, "आणि या बाईले द्या."

"मले?" पार्वता म्हणाली. "मले काय कराची रोजी? मी तुह्यासाठी उतरली."

"आमच्या टोळीत कोणी फुकट राबत नाही. राबली त घ्या लागते. कायदा आहे आमचा."

"अल्का, असं नोको करू."

"कायदा मोडला त मले तुमाले टोळीतून काढा लागंन." तिचा आवाज चढला नव्हता. "घ्या. सकाळपासून राबल्या."

बिसराम नोटा धरून उभा होता. त्याला काही कळत नव्हतं. पार्वतेनं हात लुगड्याला पुसला, तरी तो चिखलाचाच राहिला. त्या हातानं तिनं पैसे घेतले आणि कनवटीला लावले.

आम्ही सडकेकडे निघालो. मागून अल्काचा आवाज आला, "मोनाली, आजीले सडकेपावतर सोडून दे. धुरा निसरडा आहे."

पोरगी धावत आली आणि तिनं पार्वतेचा हात धरला. धुऱ्याच्या टोकाला पार्वता थांबली आणि मागं वळून उभी राहिली. अल्का पाट ओलांडून पलीकडच्या बांधीत गेली होती, आणि उद्याच्या पेंढ्या कुठं टाकायच्या ते बायांना हात करून दाखवत होती.